ब्रेकेज

घाटकोपरच्या भटवाडीतल्या आमच्या खोलीत बाटल्या दोनच. एक रॉकेलची, एक औषधाची. ज्या घरात तिसरी बाटली असे, त्या घराशी वडील बोलत नसत. गळ्यात तुळशीची माळ, घरी एकादशी, आणि रजा मिळो न मिळो, वर्षातून एकदा पंढरपूर. अशा घरातल्या मुलाने पुढे तीस वर्षं शॅम्पेन उघडून आणि वाढून संसार केला. त्यात माझी हुशारी फारशी नाही. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांचं देणं माझ्याकडे राहून गेलंय. ते आता फिटण्यासारखं नाही, निदान लिहून ठेवावं म्हणून बसलोय.

१९९१ साली अंधेरीला, सहार विमानतळाजवळच्या एका पंचतारांकित हॉटेलात मी बसबॉय म्हणून लागलो. बारावी नापास होतो आणि अर्जावर पास लिहिलं होतं. बरोबरची बरीच मुलं दादर केटरिंगची. त्यांना काटे-चमच्यांचे अठरा प्रकार तोंडपाठ होते. मी ३४० नंबरच्या बसमध्ये दांडीला लोंबकळत ‘सर्टनली सर’ घोकत जायचो. घरी सांगितलं होतं, हॉटेलच्या स्टोअरमध्ये आहे, धान्य मोजतो.

रेस्टॉरंटचे कॅप्टन मरोळ गावठाणातले ईस्ट इंडियन होते. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने बारीक, डोक्यावर थोडेच केस, तेही तेल लावून चापून बसवलेले. सगळं हॉटेल त्यांना अंकल म्हणायचं, म्हणून मीही. पाहुण्यांशी इंग्रजी असं की साहेबाने ऐकत राहावं. पँट्रीचं दार मागे बंद झालं की थेट मराठी, आमच्यापेक्षा वेगळ्या चालीचं, किनाऱ्याच्या वळणाचं. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ मध्ये घेतलेलं, माणसं मात्र साष्टीची मूळ रहिवासी, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांच्या घरी नाताळसाठी काळ्या द्राक्षांची वाईन चिनी मातीच्या बरणीत घालत, आपल्याकडे लोणचं घालतात तशी. वाईन ही वस्तू कुणी घरात, आईच्या देखरेखीखाली करतं, हे ऐकून मी तेव्हा चाट पडलो होतो.

पहिली दोन वर्षं अंकल माझ्याशी फारसे बोलले नाहीत. मीच लांब राहायचो. बाटलीच्या कामाकडे जायचं नाही, एवढीच वडिलांशी मनातल्या मनात तडजोड केलेली होती. पण १९९३ मध्ये स्टुअर्ड झालो आणि ती तडजोड मोडली.

त्या वर्षीची ३१ डिसेंबर. खिडकीजवळच्या टेबलावर एक वयस्क जोडपं, त्यांची मुलं-सुना. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. त्यांनी फ्रेंच शॅम्पेन मागवली. तेव्हा परदेशी वाईन परकीय चलन कमावणाऱ्या हॉटेलांना लायसन्सवर मोजून मिळायची. एकेक बाटली कुलपात असे. त्या बाटलीची मेनूकार्डावरची किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त होती. खरं तर मी अंकलना बोलवायला हवं होतं. ते पलीकडच्या टेबलावर होते, आणि मला वाटलं, यात काय आहे एवढं?

शॅम्पेनविषयी मला ठाऊक होतं ते एवढंच: १९८३ साली लॉर्ड्सच्या गच्चीत कपिलच्या पोरांनी उडवली ती. शिवाय हिंदी सिनेमातल्या पार्ट्या. म्हणजे ठो आवाज झाला पाहिजे आणि फेस उडाला पाहिजे. बादलीत मी नुसता बर्फ भरला होता, पाणी घातलं नव्हतं. त्यामुळे बाटलीचा बुडखा गार, मान कोमट. त्यात ती पँट्रीतून जवळजवळ पळत आणलेली. टेबलाशी उभं राहून मी तारेची जाळी पूर्ण काढून खिशात टाकली आणि खांद्यावरचा नॅपकिन घ्यायला बुचावरचा अंगठा उचलला.

बूच भिंतीवरच्या दिव्याच्या काचेवर गेलं. अर्धी बाटली त्या आजींच्या मोतिया रेशमी साडीवर. आजूबाजूच्या टेबलांवरून टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या अजून आठवतात, कारण क्षणभर मला वाटलं की मी बरोबर केलं.

अंकल आले. माझ्याकडे पाहिलंही नाही. आजींच्या शेजारी जवळजवळ गुडघ्यावर बसून साध्या सोड्यात भिजवलेल्या रुमालाने साडी टिपली, माफी मागितली, दुसरी बाटली आणली आणि उघडली. ती कधी उघडली हे टेबलावर कुणाला कळलंही नाही.

रात्री दोन वाजता पँट्रीत ब्रेकेजचं रजिस्टर उघडलं. कोणता कप फुटला, कोणाच्या हातून, याची ती वही. दिव्याची काच आणि बाटली, दोन्ही ओळींपुढे अंकलनी आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ब्रीफिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, तेव्हा म्हणाले, “हात सुटला. माझा.” मी मागच्या रांगेत बुटांकडे बघत उभा होतो. प्रोबेशनवर होतो, नाव आलं असतं तर घरी गेलो असतो. हे खरं असलं तरी ती काही सबब नव्हे. नंतरही बोलायला पुष्कळ दिवस होते. चार महिने त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले, आणि ते चारही महिने मी त्यांच्याच शेजारी बसून स्टाफ कँटीनमध्ये जेवलो.

त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आठवड्याने फक्त म्हणाले, “उद्यापासून ब्रेक शिफ्टमध्ये घरी जाऊ नको. चार वाजता पँट्रीत ये.”

तिथे शिकलो ते आधी हाताने शिकलो, डोक्यात नंतर गेलं. बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी, बाटली मानेपर्यंत बुडाली पाहिजे. वीस-पंचवीस मिनिटांत ती आठ-दहा अंशांवर येते. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवाच जास्त राहते, पाणी गारवा चहूबाजूंनी पोचवतं. मग कागद काढायचा. तारेचं कडं सहा अर्ध्या वळशांत सुटतं, जवळपास कुठलीही बाटली घ्या. ते सैल करायचं, काढायचं नाही; जाळीसकट बूच मुठीत धरायचं, आणि पहिला वळसा सुरू केल्यापासून अंगठा वरून हलवायचा नाही. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून दूर. “आत मोटारीच्या टायरच्या अडीच-तीन पट दाब आहे,” अंकल सांगायचे. “म्हणजे बूच बाहेर यायला तयारच आहे. तू त्याला काढायचं नाहीस, अडवायचं आहेस.” बूच घट्ट धरायचं आणि फिरवायची ती बाटली. बूच वर सरकू लागलं की उलट दाबून त्याला हळूहळू येऊ द्यायचं.

मला जमेना. दर वेळी फट्‌ व्हायचं. एक दिवस अंकलनी विचारलं, “रात्रपाळी करून घरी जातोस, तेव्हा दाराची कडी कशी काढतोस?”

“हळूच. वडील उठू नयेत म्हणून.”

“मग तशी काढ.”

त्या दिवशी पहिल्यांदा बाटली उघडली आणि फक्त हलका उसासा टाकल्यासारखा आवाज झाला. मी घरी काय सांगितलंय हे अंकलना ठाऊक नव्हतं. मला मात्र वाटलं, यांनी ओळखलं.

सरावाला फ्रेंच बाटल्या कोण देणार? आमच्या सरावाच्या बाटल्या नारायणगावच्या. हो, तमाशाचं नारायणगाव, जुन्नर तालुक्यातलं. तिथे शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात पाईपर-हाईडसिक या फ्रेंच घराण्याच्या तांत्रिक मदतीने शॅम्पेनच्या पद्धतीने वाईन करायला सुरुवात केली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने जायची, इथे ‘मार्कीज द पोंपादूर’ म्हणून मिळायची. मी एकदा तिला शॅम्पेन म्हणालो तर अंकल चिडले. “ही स्पार्कलिंग वाईन. शॅम्पेन म्हणजे शॅम्पेन प्रांतातली. कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून विकला तर तू घेशील?” कमी लेखायचं म्हणून बोलले नव्हते ते. तिला तिच्या नावाने हाक मार, एवढंच. पुढे ती कंपनी बुडाली, पण महाराष्ट्रातल्या डोंगरपायथ्याला हे होऊ शकतं, हे तिने दाखवलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी अंकल मला एसटीने नारायणगावला घेऊन गेले. तळघरात लाकडी फळ्यांच्या भोकांत बाटल्या तोंड खाली करून लावलेल्या. आत पहिल्यांदा आंबवलेल्या वाईनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात, मग बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि वायू आत कोंडून राहतो. मेलेल्या यीस्टचा गाळ रोज थोडी थोडी बाटली फिरवून मानेत आणतात, मान गोठवतात, झाकण काढलं की गोठलेला गाळ दाबाने बाहेर उडतो. जुन्नरकडचा एक माणूस दोन्ही हातांनी एकदम दोन बाटल्या फिरवत रांगेने चालला होता, ओव्या म्हणताना जात्याचा खुंटा धरावा तसा निवांत. अंकल त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. परतताना एसटीत म्हणाले, “त्याने एवढं सांभाळून आणलेलं आपण टेबलावर दोन सेकंदांत नासवतो.” तेवढ्यानेच माझा चेहरा उतरला असणार. मग त्यांनी विषय बदलला.

चवीचं काय करायचं हा प्रश्न होता. मी पीत नव्हतो, आजही पीत नाही. अंकल म्हणाले, पिऊ नको. घोट घे, तोंडात फिरव, थुंक. त्यासाठी पँट्रीत एक स्टीलचं भांडं ठेवलेलं होतं, त्याला मी पिकदाणी म्हणायचो. पण नाकाला शब्द हवेत. इंग्रजी पुस्तकातले ‘ब्रियोश’ वगैरे शब्द मला कळेनात, कारण मी ब्रियोश कधी खाल्लाच नव्हता. तेव्हा अंकल रात्रपाळी संपल्यावर पहाटे मला मरोळच्या एका बेकरीत घेऊन गेले. भट्टीतून लादीपाव निघत होते. “कवच भाजल्याचा वास घे. आता मऊ भागाचा. आता बाजूला पडलेल्या पिठाचा.” शॅम्पेन पंधरा महिने तरी बाटलीत राहते, त्यांतले निदान बारा गाळासकट, व्हिंटेज असेल तर एकूण तीन वर्षं; हा पावाचा वास त्या गाळातल्या यीस्टकडून येतो. दुसऱ्या खेपेला म्हणाले, गणपतीच्या आधी भिंतीला चुना मारतात तो वास आठव. तिथली जमीन खडूची आहे. शास्त्राच्या दृष्टीने जमिनीचा वास थेट वाईनमध्ये उतरतो की नाही यावर वाद आहेत, पण मला त्या चुन्यामुळे एक चव सापडली आणि ती पुन्हा हरवली नाही.

पेल्यांबद्दल ते फार काटेकोर. साबणाचा थर राहिला तर बुडबुडे मरतात, म्हणून गरम पाण्यात धुऊन स्वच्छ कापडाने पुसायचे. गंमत अशी की त्या कापडाचेच बारीक तंतू पेल्यात चिकटलेले असतात आणि बुडबुड्यांची माळ तिथूनच सुटते. रँस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांनी हे सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. अंकलना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण पेला वाऱ्यावर सुकवायचा नाही, पुसायचाच, हा त्यांचा हट्ट होता. ओततानाही घाई नाही. आधी बोटभर, फेस बसू द्यायचा, मग दोन तृतीयांश. काठोकाठ भरला तर वासाला जागा राहत नाही.

१९९६च्या गणपतीत अंकल भटवाडीला आमच्याकडे दर्शनाला आले. वडिलांनी त्यांना पाटावर बसवलं आणि सरळ विचारलं, “मुलगा तिथे काय काम करतो?” मी दारात उभा, अंगाला घाम. अंकल खोटं बोलले नाहीत. म्हणाले, “पाहुण्यांना वाढतो. जेवण वाढतो, वाईनही वाढतो. स्वतः पीत नाही.”

वडील बराच वेळ गप्प. मग मला म्हणाले, “न पिता चांगलं-वाईट कसं कळतं?”

मी सांगितलं, तोंडात घेऊन थुंकतो.

“म्हणजे चूळ भरतोस,” वडील म्हणाले, आणि आईला अंकलच्या ताटात आणखी एक मोदक वाढायला सांगितलं. माझ्या नोकरीवर आमच्या घरात झालेली चर्चा एवढीच. पाच वर्षं मी जे लपवत होतो ते अंकलनी दोन वाक्यांत मोकळं केलं.

आता मुख्य सांगतो. १९९९ मध्ये टाइम ऑफिसमधल्या एका जुन्या कारकुनाकडून मला कळलं की १९९४ साली आमच्या हॉटेलातून एका माणसाला शॅम्पेन प्रांतात शिकायला पाठवायचं ठरलं होतं. यादीत पहिलं नाव अंकलचं. त्या ३१ डिसेंबरच्या प्रकारानंतर वरून शेरा आला, की ज्याच्या हातून टेबलावर बाटली सुटते त्याला पाठवून काय उपयोग. दुसरं कुणी गेलं. अंकल २००१ मध्ये निवृत्त झाले, फ्रान्स न पाहता.

२००४ साली ती संधी आली तेव्हा मी गेलो. नाही म्हणायला हवं होतं का, ते आजही ठरवता येत नाही. तेव्हा तर मी आनंदाने गेलो.

शॅम्पेन प्रांतातल्या रँस शहराखाली दगडासाठी फार पूर्वी खणलेल्या खडूच्या खाणी आहेत, त्यांतच आज लाखो बाटल्या झोपलेल्या असतात. उन्हाळ्यातही तिथे स्वेटर लागतो. ओव्हिये गावात दों पेरिन्यों या भिक्षूचा दगड पाहिला. हा १६६८ पासून १७१५ मध्ये मरेपर्यंत तिथल्या मठाचं तळघर सांभाळत होता. त्याने बुडबुडे शोधले असं जगभर सांगतात. प्रत्यक्षात तो बुडबुडे होऊ नयेत म्हणून झटत होता, कारण बाटल्या फुटायच्या. मला तिथे हसू आलं, ब्रेकेजचं रजिस्टर त्याच्याकडेही असणार. आणि ‘व्हव क्लिको’ शॅम्पेनच्या क्लिकोबाई. नवरा १८०५ मध्ये वारला तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. धंदा हातात घेतला, गाळ मानेत आणण्याची फळीची युक्ती त्यांच्याच तळघरात निघाली. ‘व्हव’ म्हणजे विधवा, आणि हा शब्द बाटलीवर ठळक छापलेला. आमच्याकडे मंगलकार्यात विधवा आत्याला मागच्या खोलीत बसवलेलं मी पाहिलंय. तिकडे त्याच नावाची बाटली लग्नात पहिली उघडतात. नारायणगावच्या फळ्या या बाईंच्या, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं.

द्राक्षांच्या मळ्यातून खडूचा एक तुकडा रुमालात बांधून आणला. एक बाटलीही आणली. परतल्यावर पहिल्याच रविवारी मरोळला गेलो. अंकल ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हात कापायचे, कानाने फार कमी ऐकू यायचं. खडू नाकाला लावला, मग जिभेचं टोक लावलं आणि हसले. “शाळेचा फळा,” म्हणाले.

आंटींनी पेले पुसून आणले. बाटली मी बर्फ-पाण्यात ठेवली, पंचवीस मिनिटं घड्याळ लावून. अंकल टक लावून माझ्या हातांकडे बघत होते. सहा अर्धे वळसे, अंगठा वर, बाटली फिरवली. मधे त्यांनी क्षणभर डोळे मिटले असावेत, कारण मी पेला भरायला घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, “उघडली का रे?”

“उघडली,” मी मोठ्याने म्हणालो.

त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला, बराच वेळ वास घेतला. त्या दुपारी ओट्यावर मी सगळं बोलणार होतो, ३१ डिसेंबरचं, शेऱ्याचं, माझ्या गप्प बसण्याचं. शब्द जुळवून गेलो होतो. पण ते एकेक घोट घेत होते आणि आंटी जेवून जा म्हणत होत्या. मी जेवलो आणि निघालो. मोठ्याने ओरडून सांगावं लागलं असतं, सगळ्या गावठाणाला ऐकू गेलं असतं, अशी सबब मी तेव्हा स्वतःला दिली. अंकल २००९ च्या पावसाळ्यात गेले.

पुढे २०१३ मध्ये मोएत हेनेसीने नाशिकजवळच्या दिंडोरीतल्या द्राक्षांची ‘शाँदों’ बाजारात आणली. आता माझ्या हाताखालची मुलं त्या बाटल्यांवर शिकायची. दर बॅचमध्ये एकजण तरी ठो करून उघडायचा आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. मी त्याला चार वाजता पँट्रीत बोलवायचो. कडीचं सांगायचो. अंकलचं नाव सांगायचो. वहीतलं कधी सांगितलं नाही.

घाटकोपर ते मरोळ आता मेट्रोने पंधरा मिनिटांत होतं. हॉटेल दोनदा विकलं गेलं, नाव बदललं, पँट्री पाडून नवी झाली. ते रजिस्टर कुठल्या रद्दीत गेलं कोण जाणे. ती बाटली आणि दिव्याची काच शेवटपर्यंत अंकलच्याच नावावर राहिली. दोन्ही माझ्या हातून गेली होती.